थेंब थेंब तेल

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात जंगलातल्या मोहर्लीच्या रेस्ट हाउसवर उतरले असताना एक म्हातारा खानसामा भेटला. अंड्याच्या बलकात तेल घोटून तो मेयोनीज करायचा आणि त्यात पिकल्या टेंभरांचा, म्हणजे तेंदूच्या फळांचा गर, भाजलेली चारोळी घालायचा. घोटताना भुवयांनीच खुणा करायचा. मी हौसेनं तेलाची वाटी मागितली आणि भसकन ओतली. सगळं फाटलं. बाहेर बाकीचे पाहुणे पाव घेऊन बसलेले.

तो खुदकन हसला. "फेकाचं नाई, बाई. नवा बलक घ्याचा, अन् हेच फाटलेलं त्याले थेंब थेंब पाजाचं."

हळूहळू ते लोण्यासारखं जमून आलं. कोणी केलं, असं पाहुण्यांनी बोटं चाटत विचारलं, तेव्हा त्यानं पळी माझ्याकडे रोखली.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. आता सुनेच्या हातून काही बिघडलं, की आम्ही दोघी ते सावरतो आणि पाहुण्यांसमोर मी पळी तिच्याकडे रोखते.