चवीच्या गावी दिलेल्या लेकी

देवाने गावं वसवली ती माणसांना राहायला नव्हे, तर आमच्या सोनाळ्याच्या मामांना तिथे जाऊन जेवता यावं म्हणून, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. भूगोल मामांना मुखोद्गत होता, पण तो असा: आग्रा म्हणजे कोहळ्याचा पेठा, मथुरा म्हणजे पेढा, आणि नागपूर, आमच्या वऱ्हाड-मध्यप्रांताची राजधानी, म्हणजे कोथिंबीर भरलेली सांबारवडी. शेजारचा गुरव काशीयात्रा करून आला तेव्हा सगळं गाव त्याच्या पाया पडायला गेलं. मामाही गेले. पाया पडले, आणि मान वर करायच्या आतच त्यांनी विचारलं, "तिथं खायाले काय भेटते?" गुरवाने सांगितलं की थंडीच्या दिवसांत सकाळी दुधाचा फेस मडक्यातून विकतात, केशर घातलेला. झालं! पुढचा महिनाभर मामा भेटेल त्याला अडवून सांगत होते, "फेस खातेत बे लोक काशीले, नुस्ता फेस!" विश्वनाथाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

मामांचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, लसूण, कोथिंबीर; सातपुड्याच्या पायथ्याची काळी जमीन आणि बारमाही विहीर. माणूस कष्टाळू, पण जिभेला पाय फुटलेले. खुंटीला एक झोळी कायम भरलेली असे: एक धोतर, पितळी तांब्या, मिठाची पुरचुंडी आणि लिंबाचं लोणचं. कुठल्याही गावात उतरले की धर्मशाळा विचारायच्या आधी हलवाई विचारायचा. मग कढईसमोर उभं राहून, तळणाऱ्याला चूल, तूप, पीठ, सारं खोदून खोदून विचारायचं. इराकातल्या बसऱ्याच्या लढाईवरून परतलेल्या एका शिपायाने त्यांना सांगितलं की तिकडे भट्टीच्या आतल्या भिंतीला भाकरी चिकटवून भाजतात. मामांनी दुसऱ्याच दिवशी मामीचा धान्याचा रांजण आडवा केला, आत जाळ घातला आणि पीठ चिकटवायला डोकं आत खुपसलं. रांजण फुटला, उजवी भुवई जळाली, आणि भाकरी मिळाली ती राखेत. ती फुंकून खात मामा म्हणाले, "बसऱ्याचे लोक सुखी हायेत वं." मामी म्हणाली, "त्यायच्या बायका हायेत का सुखी? त्यायले विचारा."

पण मळा सोडून नुसतं खायला गावोगाव हिंडलं तर लोक काय म्हणतील? यावर मामांनी जो उपाय काढला, तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. ते सोयरिकी जुळवू लागले. मुलीचं स्थळ आलं की मुलाचं घर पाहायला चार वडीलधारी माणसं जातात, ही आपली रीत. सोनाळ्यातल्या प्रत्येक घराच्या त्या चौघांत मामा असायचेच. बाकीचे तिघे मुलाची शेती, विहीर, बैल पाहायचे. मामा बाजार पाहून यायचे. एका मुलीला त्यांनी इंदूरला दिलं, कारण तिथे हिवाळ्यात गराडू नावाचा कंद तळून वर मसाला भुरभुरतात. दुसरीला रायपूरला, तिथे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे होतात म्हणून. खरं सांगायचं तर एकही मुलगी वाईट घरी पडली नाही. "ज्या गावाले चव हाय त्या गावाले माया हाय," असं मामा म्हणत, आणि यात काय खोटं आहे हे मला अजून सापडलेलं नाही.

मी स्वतः बऱ्हाणपुरात पडले ती माव्याच्या जिलबीपायी. काळीभोर, मऊ, हातात घेतली तर पाक कोपरापर्यंत जाणारी. माझ्या बोळवणीला सारे रडत होते. मी तर आईचा पदर सोडत नव्हते. मामा जवळ आले आणि डोक्यावर हात ठेवून कळवळून म्हणाले, "तू काऊन रडून राह्यली वं पोरी? जिलबीच्या गावाले चालली तू!" त्या क्षणी मामांना विहिरीत ढकलावंसं वाटलं होतं मला. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी ते झोळी घेऊन माझ्या दारात उभे राहायचे, आणि मी जिलबी आणवायची, हे सांगायला नकोच.

आता यात एक मोठीच गोम होती. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या सासरचं अन्न बापाने खायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा नेम. भाचीकडे, गावच्या मुलीकडे चालतं. पोटच्या लेकीकडे नाही. जगातला कुठलाही नियम वाकवणारे मामा या नेमापुढे मात्र सरळ उभे राहत. त्यांना एकच मुलगी, वेणू. तिच्यासाठी त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं: तिला द्यायचं ते असल्या गावी, जिथे हलवाई नाही, बाजार नाही, पिठल्यापलीकडे काही शिजत नाही. तिथे जेवता आलं नाही तरी नुकसान शून्य! संग्रामपूरजवळचं तसलं एक खेडं त्यांनी हेरूनही ठेवलं होतं. "लय चांगलं गाव हाय," ते मला सांगत होते, "काहीच भेटत नाही."

आणि खामगावहून स्थळ आलं. मुलगा कापसातून सरकी काढायच्या जिनात तयार झालेला, आता आफ्रिकेत, युगांडातल्या कंपाला गावी जिन चालवायला गेलेला. लग्नासाठी रजेवर आला होता. मामा घर पाहायला म्हणून खामगावला गेले आणि मुलाला समोर बसवून तीन तास उठू दिलं नाही. त्याचा पगार त्यांनी विचारला नाही. परत आले ते गाडीतून उतरताच सांगत: तिथे हिरवी केळी केळीच्याच पानात बांधून वाफवतात आणि त्यांचा गोळा शेंगदाण्याच्या रश्शात बुडवून खातात, पावसाळ्यात दिव्याभोवती नाकतोडे येतात, ते पंख काढून तळतात. "नाकतोडे बे! आपल्या पिकावर पडतेत तेच! आपण हाकलून राह्यलो अन् ते खाऊन राह्यले!" ओटीवर हसण्याचा गजर झाला. तेवढ्यात वेणू दारात येऊन म्हणाली, "बाबा, मले जायचं हाय तिथं."

मामांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. साऱ्या पृथ्वीवरचं जे गाव त्यांना आता सर्वांत जास्त चाखावंसं वाटत होतं, तिथेच लेक जाणार, तीही समुद्रापलीकडे. आणि उद्या मरतमरत पोचलेच, तरी तिच्या घरचं पाणी घेता येणार नाही. "नाही," ते म्हणाले आणि मळ्यात निघून गेले. आठ दिवस मामा मळ्यातून फक्त जेवायला घरी येत. त्याहून भयंकर म्हणजे, मामीने केलेलं वांग्याचं भरीत त्यांनी ताटात तसंच ठेवलं. तेव्हा मामीने घाबरून मला बऱ्हाणपूरहून बोलावून घेतलं.

मी मळ्यात गेले. मामा मिरचीच्या वाफ्यात नुसतेच बसले होते. बोळवणीपासूनचा राग माझ्या तोंडी आला. म्हटलं, "मामा, दुसऱ्याच्या पोरी लांब धाडताना त्यांच्या बापांना विचारलं होतं का, पोटात काय होतं म्हणून? माझी आई सहा महिने नीट जेवली नव्हती." मामांनी मान वर केली. डोळे भरलेले. म्हणाले, "नाही विचारलं वं. मले वाटे, पोरगी गेली की एक नवं गाव आपलं होते. गाव आपलं होते, पण पोरगी जाते, हे कोणी सांगतलंच नाही." मग वाफ्यातलं ढेकूळ फोडत म्हणाले, "पण भूक तर माझीच हाय तिच्यात. तिले पिठल्याच्या गावात कोंडलं तर मरन ते पोर."

वेणूचं लग्न झालं. बोळवणीला मामांनी तिला काही सांगितलं नाही. एकट्याने उभे राहून ढसाढसा रडले, आणि पोरी लांब दिलेले गावातले सगळे बाप त्यांच्या भोवती येऊन थांबले.

वेणूची पत्रं यायची. पारावर त्यांचं वाचन व्हायचं, आणि नाकतोड्यांचं पत्र तर लोकांनी तीनदा वाचून घेतलं. अशी चार वर्षं गेली. मग एक दिवस जावयाचं पत्र आलं की मुलगा झाला. खाली वेणूच्या हातचं होतं, "बाबा, आता तुम्हाले जेवता येते." मामांनी ते पत्र स्वतः वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं, आणि झोळी खुंटीवरून काढली.

मुंबईहून बोट, बोटीनंतर आगगाडी. जाऊन-येऊन चार-पाच महिने लागले. परत आले तेव्हा मी आजोळी सोनाळ्यातच होते. सारं गाव ओटीवर लोटलं. मामा सुरू झाले. बोटीवरची मुगाची खिचडी समुद्राने जाता-येता दोन्ही वेळा कशी परत मागितली, मोंबाश्याला बंदराशी कसावाचा कंद तळून, मधोमध चिरून तिखट-लिंबू भरून कसा देतात, आणि नाकतोडा. "कुरकुरीत! भाजल्या शेंगदाण्यासारखा! पहिल्याले डोळे मिटले, दुसऱ्याले उघडे ठेवले, तिसऱ्याले मोजलंच नाही!" माणसं हसून लोळत होती. इतक्या वर्षांनी मामांना असं फुललेलं पाहून मलाही फार बरं वाटलं.

तेव्हा गुरवाने विचारलं, "अन् वेणूच्या घरी पहिल्या दिवशी काय जेवले, ते सांगा ना."

मामा सांगायला सरसावले आणि थांबले. कपाळाला हात लावून आठवू लागले.  ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वीच्या भज्यात ओवा होता की नव्हता हे सांगता यायचं, तो माणूस गोंधळून इकडेतिकडे पाहत होता.

"पान मांडलं होतं," ते हळूच म्हणाले. "पाट होता. वेणू वाढत होती, नातू मांडीवर येऊन बसला होता माझ्या. ती समोर बसली अन् म्हणाली, जेवा बाबा. मी तिच्याकडंच पाहून राह्यलो होतो... काय होतं वं पानात? काहीच ध्यानात नाही."

मामी इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "पण पोटभर जेवले ना?"

"हाव," मामा म्हणाले. "लय जेवलो."