तळघरातला माळकरी

गिऱ्हाइकापुढे दारूचा ग्लास ठेवण्याआधी तो नाकाशी धरायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "माउली, सावकाश घ्या." चव त्याने कधीच घेतली नाही. गळ्यात तुळशीची माळ होती.

मुलांनो, मागच्या भेटीत तुम्हीही त्याला पाहिलंत. आपल्या पिंपळे सौदागरच्या इमारतीखाली, पार्किंगच्या टोकाला, पाटी नसलेलं लोखंडी दार आहे. पंपाची खोली समजून मी एकदा पाण्याची तक्रार घेऊन ते ढकललं. आत मंद दिवे, रंगीत कागदी कवट्या, मक्याच्या पोळ्या भाजल्याचा वास. मेक्सिकन हॉटेल आणि बार!

"वर पाणी न्हाई आलं व्हय?" काउंटरमागून दारू ओतणारा तो पोरगा म्हणाला. "बसा आज्जी. हितं लिंबूपाणी हाय."

मग दुपारी, बार उघडण्याआधी, मी अधूनमधून खाली जाऊ लागले. कैरी, गूळ, हिरवी मिरची घालून तो नवनवीन कॉकटेलं जमवायचा. दुपारी जेवायला येणारी आयटीतली पोरं चिडवायची, "भावा, एक घोट मार. आळंदीत कोण सांगतंय?"

"सांगाय कशाला पायजे, राव? मला ठावं हाय की."

आळंदीत त्याचे वडील पखवाज शिकवत. मुलगा बारमध्ये दारू ओततो हे कळल्यापासून ते त्याच्या हातचं पाणी पीत नसत. सुट्टीला तो घरी जाई, तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवी. ते उठत आणि माठातलं स्वतः घेत.

"मग सोड ना हे काम," मी म्हटलं.

"हात बसलाय, आज्जी. आवडतंय मला." मग हळूच, "पितील की कधीतरी."

यंदा त्याचे वडील गेले. काही दिवसांनी तो वर माझ्याकडे आला, डोकं भादरलेलं. काम सोडल्याचं सांगायला आला होता. त्यानंतर मला तो दिसलेला नाही.

त्या दिवशी मी विचारलं, "शेवटी तोंडात पाणी तू घातलंस ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "समदे म्हनत होते, घाल. पर त्यांना शुद्ध नव्हती, आज्जी. नको म्हनता आलं नसतं." मी दिलेला चहा तसाच राहिला होता. "ताईनं घातलं. मी पाय धरून बसलो. पाया पडाय त्यांनी कधी नको म्हनलं नव्हतं."