दिवाळीनंतरचा सोपान

राहू गावाकडून येणारी होडी त्या सकाळी काठाला लागली, पण नावाडी मामा खाली उतरले नाहीत. वल्हं मांडीवर आडवं धरून म्हणाले, "गुरुजी, सोपान गेला. पहाटं. झोपंतच." भीमेवर धुकं होतं, पलीकडचं राहू, सोपानचं गाव, दिसत नव्हतं... आणि मला उगीच वाटलं, दिसत नाही तोवर तिकडे काही घडलेलं नसेल.

त्याला आता सहा आठवडे झाले. सोपान माझा शाळेपासूनचा मित्र. पुढे मी वडगाव रासाईला मास्तर झालो, तो दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. इंजिनाच्या आवाजावरून कुठला नट सैल आहे ते सांगणारा हा माणूस स्वतःच्या शरीराबद्दल मात्र वर्षभर गप्प राहिला. अंडकोशात गाठ आली होती. दुखत नव्हती, आणि असल्या जागेचं सांगायचं कुणाला? एकदा होडीत मला म्हणाला होता, "मास्तर, जरा सूज हाय." मी म्हटलं, "उतरेल." हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

मग पाठ धरली, खोकला लागला, तेव्हा मी त्याला पुण्याला नेलं. छातीच्या फोटोत फुप्फुसांवर गोल पांढरे डाग होते, पुराच्या पाण्यावर फेस तरंगावा तसे. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं सुरू झाली. सोपाननं सरळ विचारलं, "सायेब, किती दिवस?" डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "दिवाळीपर्यंत धरून चला. पण हे मी आधीच्या रोग्यांवरून सांगतोय. तुमचं एकट्याचं मला ठाऊक नाही. महिन्याला एक कार्ड टाकत जा. मलाही कळायला हवं."

गावी येऊन सोपाननं आवराआवर केली. पाने-पक्कड शेडमधल्या जोडीदाराला, घड्याळ मेव्हण्याला, सायकल मला. दिवाळी आली आणि गेली. एका सकाळी तो माझ्या दारात उभा, चोरी करताना सापडल्यासारखा. "सायकल पायजे हुती. दोन दिसांपुरती." ती त्यानं परत आणली नाही, मी मागितली नाही. त्या दिवशी सुमनवहिनी, सोपानची बायको, कित्येक महिन्यांनी हसल्या.

त्यानंतरचे दिवस कुठल्याच हिशेबातले नव्हते. उसाला तुरे आले, गेले, पुन्हा आले. आम्ही नदीकाठी बसून राहायचो, बोलायचो थोडंच. पाणी वाहतंय की आपणच सरकतोय, ते काही वेळानं कळेनासं व्हायचं... मग तो गुडघ्यावर वही ठेवून कार्ड लिहायचा. "मी हाय. खोकला कमी. काल नदीत पवलो." मी म्हटलं, "अरे, 'आहे' लिही." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मास्तर. हाय ते लिवलंय."

दुसरी दिवाळीही गेली. मग खोकल्यातून रक्त पडलं. पुन्हा पुण्याला गेलो. या खेपेला सोपाननं विचारलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं नाही. दोघं बराच वेळ दौंडच्या इंजिनांविषयी बोलत बसले.

शेवटचं कार्ड, तो गेल्याचं, मी लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, "माझा अंदाज चुकल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. आता कुणाला मुदत सांगताना जीभ अडखळते." वहिनींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "भावजी, म्हंजी ह्यांनी डाक्तरला शिकवलं व्हय?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तो दुपारी होडीनं यायचा आणि माझ्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचा. मुलं धडा वाचत, आणि ऐकता ऐकता त्याचा डोळा लागे. कुणी न सांगता मुलांनी आवाज खाली आणला. पानंसुद्धा जपून उलटू लागली. अजून दुपारी माझी चौथी तशीच वाचते, कुणीतरी निजल्यासारखी... परवा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "मुलांना मोठ्यानं वाचायला सांगा." मी मान डोलावली. सांगितलं मात्र नाही.