सिस्टीमबाईंची लायब्ररी

कामासाठी कुणी परगावी निघालं की सिस्टीमबाई त्याला दारातच थांबवत आणि विचारत, "तिथं जायलाच पाहिजे का? इथून नाही का होणार?" मात्र घरी आजारपण आहे म्हणून कुणी रजा मागायला आलं, तर त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्या रजा देऊन मोकळ्या होत. वर आणखी 'लगेच निघा, मिळेल ती एसटी धरा' म्हणत. नवीन माणसांना बाई जरा तऱ्हेवाईक वाटत. आम्हा जुन्यांना कारण माहीत होतं. आता बाईच नाहीत, तेव्हा ते सांगायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही दोघी संगणक विभागात होतो. त्या विभाग सांभाळत, मी त्यांच्या हाताखाली. आडनाव साळवे, पण कामगारांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना सिस्टीमबाईच म्हणत. कारखान्याची सगळी ड्रॉइंग एका स्टोरेजच्या पेटीत ठेवलेली असत. कपाटाच्या खणाएवढी पेटी, आत ओळीनं हार्ड डिस्क, आणि नेटवर्कवरून कुणालाही आपल्या टेबलावर हवं ते ड्रॉइंग उघडता येई. अशी एक पेटी नगरला, एक पुण्याच्या ऑफिसात, एक नाशिकला. पेटी भरली किंवा अडली, की तिच्याशेजारी बसून आज्ञा टाइप कराव्या लागत. ते काम बाईंचं. त्यामुळे बाई सदा एसटीत. कुरकुर नाही. खिडकीशी जागा मिळाली की झालं, म्हणायच्या.

त्यांचे वडील शेवगावला असत. त्यांनी बाजार समितीत पोती वाहून या एकुलत्या एका लेकीला इंजिनियर केलं होतं. आई बाईंच्या लहानपणीच गेलेली. "माझी बाय नगरला यंत्रांला शिकवती," असं ते बरोबरीच्या हमालांना सांगत. पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नगरला चला म्हणून बाईंनी खूप विनवलं, पण आपली आळी सोडायला ते तयार होईनात. चुलती त्यांचं करायची आणि बाई दर सुट्टीला जायच्या. वडिलांची दाढी करायच्या, त्यांना बाजेवर उठवून बसवायच्या आणि कारखान्यातलं सगळं सांगायच्या. पुण्याच्या पेटीला काय झालं, नाशिकची कशी रुसली. म्हातारा ते सोयऱ्याधायऱ्यांच्या बातम्या ऐकाव्यात तसं ऐके.

एकदा त्यांची तब्येत फारच बिघडली, म्हणून बाई रजा काढून शेवगावला राहिल्या. तेवढ्यात पुण्याची पेटी अडली. एकही ड्रॉइंग उघडेना, मोठी ऑर्डर खोळंबली. शेजारच्या किराणा दुकानाचा पीपी नंबर होता, त्यावर साहेबांचा फोन गेला. बाईंनी काय टाइप करायचं ते फोनवरच सांगून पाहिलं. पण चुकून काही पुसलं गेलं तर, या भीतीनं पुण्यात कुणी बोट लावायला धजेना. साहेबांनी अगदी अजिजीनं विनंती केली. बाई घरात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. वडिलांनी ओळखलं.

"जा बाय," ते म्हणाले. "काम हाय तर जावं लागतंय. मी कुठं चाललोय?"

पुण्याला पोचल्यावर काम निघालं किरकोळ. जुन्या प्रती साठून पेटी तुडुंब भरली होती. त्या काढल्या आणि पेटी सुरू झाली. चहा निवायच्या आत झालं, असं बाई मला पुढे म्हणाल्या. चहा न घेताच त्या परत फिरल्या. शेवगावच्या स्टँडवर चुलतभाऊ उभा होता. त्याचा चेहरा बघूनच वडील गेल्याचं त्यांना कळलं. दुपारभर वडील दाराकडे बघत 'बाय आली का' म्हणत होते, हे चुलतीनं नंतर सांगितलं.

जलदानाचा विधी आटोपून बाई कामावर आल्या त्या थेट संगणकापुढे बसल्या. पुढचे कित्येक महिने रोजचं काम उरकलं की त्या एकच गोष्ट लिहीत होत्या. त्यालाच त्या लायब्ररी म्हणत. कँटीनवाल्याला वाटलं, कारखान्यात आता पुस्तकं येणार. लायब्ररी म्हणजे तयार आज्ञांचा संच. आपण चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची, तिच्यातून या आज्ञांना हाक मारायची, आणि मोडेमवरून फोन लागला की लांबची पेटी इथूनच आपलं ऐके. आज्ञांची नावं बाईंनी मराठीतच ठेवली होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: जागा बघ, जुनं काढ, कुलूप सोड. काहीही पुसण्याआधी लायब्ररी पुन्हा एकदा विचारून घेई, म्हणजे कुणाला भीती वाटायला नको.

ती चालू झाली त्या दिवशी पुण्याची पेटी नगरहून मोकळी झाली. साहेब इतके खूश झाले की त्यांनी शाल-नारळाचा घाट घातला. बाईंनी हात जोडून नकार दिला. डबा खाताना मी म्हटलं, घ्यायचा होता की सत्कार. त्या बराच वेळ भाकरी कुस्करत राहिल्या.

"हे मला आधीच सुचलं होतं गं," त्या म्हणाल्या. "पण एसटीनं जाऊन भागत होतं, म्हणून मी ते पुढं ढकलत राहिले."



पुढच्याच वर्षी माझ्या नवऱ्याचा आजार बळावला आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. बाईंनी साहेबांशी भांडून माझ्या भिंगारच्या घरी संगणक आणि मोडेम बसवून घेतला. कामावर यायचं नाही, हे मला बजावलं. मी नवऱ्याच्या उशाशी बसून नाशिकची पेटी मोकळी करत असे. आवाज नको म्हणून कीबोर्डच्या कळा हळू दाबायचे, तर ते म्हणत, "वाजू दे गं, बरं वाटतं." एका सकाळी त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्यानं दोन घोट पाजले. तिसरा ओघळला.

बाई भेटायला आल्या तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. त्या माझ्याजवळ येऊन खाली बसल्या. त्यांनी हळूच विचारलं, "तू जवळ होतीस ना?"

मी मान हलवली. म्हटलं, "डोकं माझ्या मांडीवर होतं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. वडील गेले तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या रडत राहिल्या, आणि भेटायला आलेल्या बायका मला सोडून त्यांचीच पाठ चोळू लागल्या.