कसंतरीच

"फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या आहेत, दोन्ही बाजूंना," डॉक्टर सावकाश इंग्रजीत म्हणाल्या आणि पडद्यावरच्या करड्या चित्रात त्यांनी मला जागा दाखवली.

पल्मनरी एम्बोलिझम हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पायाच्या खोल शिरेत रक्त गोठतं, त्याचा तुकडा सुटतो आणि वाहत जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. "तुम्ही हॉटेलवर परत गेला असतात तर..." एवढं बोलून त्या थांबल्या.

आम्ही बँकॉकमध्ये होतो. पेशंट माझी धाकटी बहीण, मंगल.

मंगल नेसरीजवळच्या गावात राहते आणि घरचा म्हशींचा मोठा गोठा सांभाळते. जुळ्यांच्या बाळंतपणात तिच्या पोटाची कातडी सुटली ती पुन्हा जागेवर आली नाही. उन्हाळ्यात घडीखाली चिघळायचं. ते ती कुणाला सांगायची नाही, पण चारचौघींत स्वतःच विनोद करायची, "जुळी भाईर आली, पर खोली रिकामी केली न्हाय." तिच्या मैत्रिणीची मुलगी बँकॉकला नोकरीला होती. तिच्या ओळखीनं पोटाच्या ऑपरेशनसाठी तिथलं क्लिनिक ठरलं. कोल्हापुरात का नको, असं मी विचारलं तर म्हणाली, "हितं केलं तर टाकं वाळायच्या आत सगळ्या तालुक्याला कळंल की!" नवरा सोडून बाकी सगळ्यांना तिनं सहल म्हणूनच सांगितलं.

मी सोबत जायला तयार नव्हते. माझ्या यजमानांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि वर्षाच्या आत सहलीला निघणं आमच्याकडे बरं दिसत नाही. मंगलनं ऐकलं नाही. "अक्का, पुस्तकं वाचून संपली, आता घरात बसून भिताडं वाचतीस. चल. तिथं माझं इंग्रजी कोण बोलणार?"

ॲबडोमिनोप्लास्टी म्हणजे पोटावरची सैल कातडी कापून काढणं आणि आतले सुटलेले स्नायू शिवून घट्ट करणं. शस्त्रक्रिया मोठी असते. 'सौंदर्याची' म्हटल्यामुळे ती लहान वाटते. मंगलची व्यवस्थित झाली. दोन-तीन दिवसांत आम्हाला हॉटेलवर पाठवलं. खोलीतल्या खोलीत चालत राहा, असं नर्सनं बजावलं होतं. पण उभं राहिलं की पोटाला ओढ बसायची, म्हणून मंगल पडूनच असायची. मीही तिला उठवलं नाही. ऑपरेशन म्हणजे विश्रांती, हे आपल्या मनात पक्कं असतं.

जखमेतली नळी काढायला क्लिनिकमध्ये गेलो. नर्सनं हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढलेलं एक कार्ड पुढे धरलं. किती दुखतंय ते बोटानं दाखवायचं. मंगलनं सरळ हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"दुखत न्हाय म्हणून सांग तिला. नुसतं कसंतरीच व्हायलंय."

मी कॉलेजात मराठी शिकवते. पेपर तपासताना 'कसंतरीच' असा शब्द दिसला की खाली लाल रेघ मारून 'मोघम' असं लिहिते. तिथं मी पटकन सुचलेला इंग्रजी शब्द वापरला. तिला जरा अस्वस्थ वाटतंय, असा त्याचा अर्थ. क्लिनिकच्या डॉक्टरांनी टाके पाहिले. जखम उत्तम भरत होती. "परक्या देशात पुष्कळांना असं होतं," ते म्हणाले आणि मन शांत राहायची गोळी लिहून दिली.

लिफ्टपाशी मंगल भिंतीला टेकली. गार हवेतही तिच्या कपाळावर घाम होता.

"अक्का, लई कसंतरीच हुतंय गं."

माझे यजमान ताटावरून उठताना हेच म्हणाले होते. छातीत कळ नव्हती, काही नव्हतं. घरात सगळ्यांना पित्त वाटलं. कुणी लिंबूपाणी केलं, कुणी पाठ चोळली. मी विचारत होते, "नेमकं काय होतंय ते सांगा ना." रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. जन्म पुस्तकांत गेलेल्या माणसानं जाताना इतका साधा, इतका अर्धवट शब्द ठेवून जावं, याचा मला वर्षभर राग होता.

मी मागे फिरले आणि डॉक्टरांचं दार न वाजवता उघडलं. आयुष्यात मी असं कधी केलेलं नाही. म्हटलं, "माझं भाषांतर चुकलं. ती जे म्हणाली त्याला मला इंग्रजीत शब्द सापडत नाही. माझे पती हाच शब्द म्हणाले आणि थोड्या वेळात गेले. मी तिला इथून नेणार नाही."

ते चिडले नाहीत. त्यांनी मंगलच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. रक्तात प्राणवायू किती आहे ते दाखवणारा हा चिमटा. आकडा कमी होता, नाडी धावत होती. मग त्यांनी तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. डावी सुजली होती.

"हे कधीपासून?"

"दोन-चार दिस झालं," मंगल मला म्हणाली. "पडून पडून गोळा आला आसंल म्हटलं. पोटाच्या डॉक्टरला पायाचं काय सांगायचं?"

ॲम्ब्युलन्समधून आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. सीटी स्कॅन झाला आणि तिथल्या डॉक्टरांचं सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य मी ऐकलं.

औषध हेपरिन, म्हणजे गुठळी वाढू न देणारं, रक्त पातळ करणारं. पण मंगलच्या पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत ताजी जखम होती. "दोन्हीकडे धोका आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण गुठळीचा मोठा आहे." मी नेसरीला फोन लावला. मंगलच्या यजमानांनी, दिनकरांनी, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला पासपोर्ट बी न्हाय, अक्का. तुमीच तिची आई व्हा तिथं."

दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. हिमॅटोमा झाला होता. जखमेच्या आत रक्त साचतं, त्याला असं म्हणतात. हेपरिन थांबवून तिला पुन्हा ऑपरेशनला नेलं, रक्त काढलं, आणि जरा स्थिरावल्यावर तेच औषध पुन्हा सुरू केलं. बाहेरच्या खुर्च्यांवर बसून मी वाचायला पुस्तक काढलं होतं. एकच पान उघडं राहिलं.

ती वाचली. पण इतक्यात विमानप्रवास नाही, असं सांगण्यात आलं. तिकडे थांबलो असतानाच यजमानांची तिथी आली. मी काही बोलले नव्हते. मंगलनंच मोबाइलवर पाहिलं.

"आज दाजींचं वर्षश्राद्ध. माझ्यापायी चुकलं तुझं."

"घरी पुतण्या करतोय."

"दाजी बी कसंतरीच हुतंय म्हणालतं न्हवं?"

"हो."

"मग बघ की. जाऊन वरीस झालं, तरी माझ्या कामाला आलं." आणि मी रडायला लागल्यावर, "आता तू रडू नगंस. मला बी रडू येतंय, आन् टाकं वडत्यात."

आता ती बरी आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही महिने घेतल्या. व्रण एका बाजूला वाकडा आहे. "खिसा शिवलाय डॉक्टरनं," म्हणते. गावालाही तिनं स्वतःच सगळं सांगून टाकलं.

हे लिहिते आहे ते अशा शस्त्रक्रियेला निघालेल्यांसाठी. जायचं की नाही, हे मी सांगणार नाही. मात्र गुठळ्यांबद्दल आधी विचारा. सांगितलं तेवढं चाला. पोटरी दुखली, दम लागला, तर डॉक्टर कशाचे का असेनात, सांगा. आणि आपल्या भाषेतला माणूस सोबत न्या. त्यानं भाषांतराची घाई करू नये.

परवा पेपर तपासताना एका मुलीच्या उत्तरात तो शब्द आला, 'घरी गेलं की कसंतरीच होतं.' लाल पेन हातात होतं. ते ठेवलं, तिला बोलावून घेतलं आणि शेजारी बसवून विचारलं, "काय होतं गं?"