हंसाबेनच्या फ्रिजमधलं माझं पीठ

लग्न होऊन सुरतेला आले, तेव्हा मला अकरा माणसांचा स्वयंपाक येत होता. दोघांचा येत नव्हता.

यात माझी काही चूक नाही. पारोळ्याजवळच्या आमच्या घरात खाणारी तोंडंच तेवढी होती! तांदूळ घ्यायचे ते पातेलंभर, पीठ मळायचं ते परातभर. हाताला दुसरं माप ठाऊकच नव्हतं. आणि इथे उधन्यात मी आणि आमचे हे. त्यातही हे पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये रात्रपाळीला. संध्याकाळी डबा घेऊन निघायचे, सकाळी रंगाचा वास घेऊन यायचे आणि चहा पिऊन जे आडवे व्हायचे ते थेट दुपार टळल्यावर उठायचे. तेवढा वेळ घरात बांगडी वाजवायची सोय नाही! रेडिओ बंद, भांडी बंद, कुकरची शिट्टी बंद. (कुकरला शिट्टी होऊ नये म्हणून गॅसपुढे डोळे लावून बसणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी आहे.)

उधन्यात आपली खानदेशी माणसं चिकार. पण ती सगळी रेल्वे लाईनच्या पलीकडे. आमची खोली नेमकी अलीकडे, गुजराती गल्लीत. मला गुजराती येत नव्हतं. घरी सगळे अहिराणी बोलणारे, शाळेतलं मराठी तेवढं जिभेवर, आणि बाजूच्या बायका 'केम छो' म्हणाल्या की मी नुसती हसायची. चार दिवस हसले. पाचव्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. मग दुपारभर मी आणि पलीकडच्या कारखान्यातल्या लूमची खटाखट. एकटं वाटायचं हो! इतकं, की दारावर भंगारवाला आला तरी मी त्याला जुनं काही नसताना पाच मिनिटं थांबवून घ्यायची.

अशात एके दिवशी मी धिरड्यांचं पीठ कालवलं. अर्थातच अकरा जणांचं! यांनी चार खाल्ली, मी दोन, आणि पातेलं बघते तर पीठ जिथल्या तिथे. टाकवेना. आई करायची तसं परातीत पाणी घेतलं, पातेलं त्यात ठेवलं, वरून ओलं फडकं, त्यावर ताटली. पण सुरतेचा एप्रिल म्हणजे एप्रिल! त्यात मी पिठात ताक घातलेलं. दुपारी पीठ फुगलं आणि ताटली धाडकन फरशीवर पडली.

"बॉयलर! पळा!" हे झोपेतून उठून थेट दाराबाहेर.

बनियनवर गल्लीत उभे. समोरच्या ओट्यावर हंसाबेन तांदूळ निवडत बसलेल्या. यांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी यांच्याकडे पाहिलं, आणि हे मान खाली घालून आत आले.

"हाई काय शे?" पिठाकडे बोट दाखवून यांनी विचारलं.

"उरलेलं पीठ."

"मग ते हंसाबेनकडे ठेव ना! फ्रिज आहे त्यांच्याकडे. माझी झोप का मोडतेस?"

झालं! नवऱ्याचा हुकूम तो. मी पीठ डब्यात भरलं आणि जन्मात पहिल्यांदा हंसाबेनची कडी वाजवली.

हंसाबेन विधवा, साठीच्या. मुलगा मुंबईला. घर आरशासारखं लख्ख. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "आमां लसण तो नथी ने?"

लसूण मला कळलं. मी जोरजोरात मान हलवली. (नव्हतंच. लसूण-मिरची मी ऐनवेळी वाटून घालायची.)

"तो मूकी दे," म्हणत त्यांनी फ्रिजमध्ये डब्याला जागा करून दिली. मग त्यांनी मला गार पाणी दिलं. पाणी दिलं म्हणजे बसावं लागलं. बसले म्हणजे त्यांनी काहीतरी विचारलं. मी अर्धं समजले, अर्धं ठोकून दिलं. त्या हसल्या. माझ्या पदराची किनार चिमटीत धरून त्यांनी कापड पारखलं, नाक मुरडलं आणि हातानेच सांगितलं की तुला फसवलं! मी घरी आले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी यांची झोप विसरून गाणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पीठ आणायला जायला हवंच होतं. गेले. थोडंसं घेतलं, बाकीचं तिथेच ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पीठ संपत आलं तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. पीठ संपलं तर मी कोणत्या तोंडाने कडी वाजवणार? मग मी नवीन पीठ कालवलं. या खेपेला अकरा जणांचं नव्हे, चांगलं वऱ्हाडाचं!

असं सुरू झालं ते. दुपारी हे घोरायला लागले की मी वाटी घेऊन समोर. "हंसाबेन, जरा पीठ बघते हं!" पिठाकडे काय बघायचं? ते काय पाळण्यात होतं? पण हंसाबेन "आव, आव" म्हणायच्या, मी फ्रिज उघडायची, पिठाला नमस्कार केल्यासारखं करायची आणि मग तासभर बसायची. मला गुजराती यायला लागलं, त्यांना माझं मराठी. याची किंमत मोजली ती आमच्या ह्यांनी. सकाळी धिरडं, डब्यात धिरडं, रविवारी बदल म्हणून गुळाचं धिरडं!

"काय वं, आज बी धिरडंच?" एकदा त्यांनी दबकत विचारलं.

"का? आवडत नाही?"

"नाही, नाही! छान झालंय," म्हणून बिचाऱ्यांनी आणखी एक मागून घेतलं.

मग मे महिना उजाडला आणि माझी हाव नडली. एका सकाळी मी घरातला सगळ्यात मोठा स्टीलचा डबा काठोकाठ भरून, झाकण गच्च दाबून हंसाबेनच्या फ्रिजमध्ये ठेवला. आठवडाभराची बेगमी! आणि अकराच्या सुमाराला पाहते तर हंसाबेन नवी साडी नेसून कुलूप लावतायत. भाचीच्या लग्नाला बारडोलीला निघालेल्या. "सांजे आवी जईश," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

संध्याकाळी आल्या नाहीत. पाहुण्यांनी ठेवून घेतलं असणार. तेही चाललं असतं. पण त्याच दुपारी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीतून जाळ निघाला आणि अख्ख्या गल्लीची लाईट गेली. पंखे बंद. माणसं ओट्यावर. आणि माझा डबा आत, बंद फ्रिजमध्ये, उकाड्यात, ताकासकट!

मला चैन पडेना. दर थोड्या वेळाने मी समोर जायची आणि त्यांच्या दाराला कान लावायची. काय ऐकू येणार होतं, मलाच ठाऊक नाही.

"काय करतेस तू?" हे घामाने निथळत बाहेर आले. त्यांची झोप आधीच मोडलेली.

"पीठ आहे आत."

"मग? ते काय हाका मारणार आहे तुला? कुलूपबंद घराला कान लावून उभी राहतेस, लोक चोर समजतील!"

लोक समजलेच. कोपऱ्यावरचा पानवाला संध्याकाळी येऊन यांना बाजूला घेऊन विचारून गेला की भाभींची तब्येत बरी आहे ना! यांनी मान खाली घातली आणि रात्रपाळीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हंसाबेन आल्या तेव्हा लाईट नुकतीच आली होती. मी त्यांच्या मागोमागच आत शिरले. पण आधी शिरल्या होत्या मुंग्या! उंबऱ्यापासून फ्रिजपर्यंत जाडजूड रांग. लग्न बारडोलीला आणि वरात इथे! हंसाबेननी फ्रिजचं दार उघडलं आणि आंबट वासाचा भपकारा आला. डब्याचं झाकण उडून त्यांनी मुलासाठी आणलेल्या केसर आंब्यांवर पालथं पडलं होतं. पीठ वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात, तिथून भाजीच्या खणात आणि दार उघडल्यावर हंसाबेन लग्नाला नेसून गेलेल्या त्या नव्या साडीवर.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फडकं घेऊन पुढे झाले तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं आणि दाराकडे नुसतं पाहिलं. संध्याकाळी माझा डबा घासूनपुसून आमच्या ओट्यावर ठेवलेला होता. रोज सकाळी 'जय श्रीकृष्ण' म्हणायच्या, तेही बंद झालं.

मी जेवले नाही. यांनी कारण विचारलं तर म्हटलं, डोकं दुखतंय. पण यांना आपलं वाटलं की खरं दुखणं कळलं! चार दिवसांनी एक हातगाडी दारात उभी राहिली. त्यावर दोरीने बांधलेला, मिलमधल्या कुणाचा तरी जुना फ्रिज.

"घे!" हे घाम पुसत, छाती फुगवून म्हणाले. "आता कुणाच्या दारात जायला नको तुला!"

मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले. यांना वाटलं, आनंदाने. हातगाडीवाल्याचेही डोळे भरून आले!

फ्रिज घरघर करायला लागला. मी दुपारी त्याच्यासमोर पाट घेऊन बसायची. दार उघडायची, दिवा लागायचा. दार लावायची, दिवा जायचा. आठवडाभर घरात मी, झोपलेला नवरा आणि हा घरघरणारा पांढरा प्राणी. शेवटी एका दुपारी मला सोसवेना. मी उठले आणि हात हलवत समोर जाऊन कडी वाजवली.

हंसाबेननी दार उघडलं. आधी माझ्या हातांकडे पाहिलं. "शुं मूकवुं छे?"

"काही नाही ठेवायचं."

"तो?"

मी सगळं गुजराती आठवून पाहिलं. त्यात हवं ते सापडेना. मग सरळ म्हटलं, "हंसाबेन, मला घरात करमत नाही हो. थोडं बसू का?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे गांडी! आ वात पहेले दिवसे कही होत, तो मारे फ्रिज धोवुं ना पडत ने!" (गांडी म्हणजे वेडी! हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मला फ्रिज धुवावा लागला नसता, म्हणे.) आणि माझा हात धरून त्यांनी मला आत ओढलं. मग म्हणाल्या की इतके दिवस दुपारी त्याही एकट्याच बसून होत्या, आणि मुलगाही आला नव्हता, आंबे खराब झाले ते झालेच. दोघी रडलो. मग त्यांनी छास, म्हणजे आपलं ताक, दिलं.

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगून टाकलं. यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुला धिरडी आवडत नाहीत?"

"छे! कधीच नाही आवडली."

"अगं, मग मला तरी कुठे आवडतात! तुले आवडतस म्हणून मी खात होतो ना!" त्या दिवशी हे मिलमध्ये उशिरा पोचले, कारण हसताना यांना ठसका लागला होता.

त्यानंतर मी रोज दुपारी राजरोस समोर जायला लागले. घरात महिनोन् महिने साठलेलं बोलणं होतं, ते सगळं हंसाबेनपुढे सांडलं. माहेर, सासर, आत्याचं गुडघेदुखीचं औषध, म्हशीचं बाळंतपण, काही शिल्लक ठेवलं नाही. पंधरवड्यानंतर एका दुपारी मी बसल्या बसल्या म्हशीची दुसरी गोष्ट सुरू केली, तशा हंसाबेननी माझ्यापुढे हात जोडले. माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "बेन, तुझा पीठच बरा होता. तो बोलत तरी नव्हता!"