गाण्यातला मुकादम

१९६६ साली मी तेवीस वर्षांचा होतो. दुबईच्या खाडीवर आम्ही रत्नागिरीकडचे खलाशी दोर लावून लोखंडी पाइप ओढायचो. ओढताना गाण्याची ओळ मी टाकायचो, बाकीचे झेलायचे. माझ्यासारखा गळा त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मुकादम स्कॉटलंडचा, तिकडच्या जहाजगोदीत वाढलेला. आम्ही गायला लागलो की तो हातोडी पाइपावर हळू वाजवायचा. ठेका कधी चुकला नाही. गोरा माणूस हे शिकला कुठे, याचं मला नवल वाटायचं.

एका दुपारी त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, “गाना में हम है?”

होता की. ‘लाल नाकाचा, बसून खाणारा.’ पण नोकरी जाईल म्हणून मी म्हणालो, “नहीं साब, सिर्फ अल्ला का नाम.”

त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, “हमारा बाप गोदी में मुकादम था. उस पर तीन गाना था. बाप मर गया, लोग अभी भी गाता है.”

भिऊन खोटं बोललो, हे माझं मलाच सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला दोरासमोर उभा केला, ती ओळ मोठ्याने गायलो आणि अर्थही हिंदीत सांगितला. तो लाल नाक चोळत हसला, हातोडी उचलली आणि त्याच ओळीवर ठेका धरला.